चोळीबांगडीचं रान

माझ्या सासऱ्यांनी मरायच्या आधी मला पंधरा गुंठे रान दिलं. कागदावर नव्हे, तोंडानं. शेवटचं वर्षभर ते अंथरुणाला खिळून होते आणि त्यांचं सगळं मीच केलं, कारण थोरल्या जाऊबाईंना तो वास सोसायचा नाही. जायच्या आठवडाभर आधी त्यांनी दोन्ही लेकांना आणि गल्लीतल्या दोन जाणत्या म्हाताऱ्यांना उशाशी बसवून घेतलं आणि म्हणाले, "ओढ्याकडचा तुकडा धाकट्या सुनंच्या चोळीबांगडीला. त्येच्यात कुणी हात घालायचा न्हाई." चोळीबांगडीचं रान म्हणजे बाईच्या हक्काचं. त्यातलं पीक तिचं, त्यातून लुगडं घ्यायचं की लेकीला वाळे करायचे ते तिनं ठरवायचं. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. या घरात मला पाय रोवायला जागा मिळाली, असं त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं.

हे मी आता म्हातारपणी लिहिते आहे. वयानं माणूस निवळतं म्हणतात. मी निवळलेले नाही. चष्मा कुठं ठेवला ते मी विसरते, दुधाखालचा जाळ काढायला विसरते, पण ही गोष्ट विसरत नाही आणि विसरायची इच्छाही नाही. ज्यांना क्षमा-शांतीच्या गोष्टी आवडतात त्यांनी दुसरं काहीतरी वाचावं.

आमचं गाव रहिमतपूरपासून दोन कोसांवर. माझा तुकडा माळाच्या पायथ्याला होता. वर हातभर काळीभोर माती आणि खाली नुसता मुरूम. त्या हातभर मातीत ज्वारी अशी यायची की आत शिरलेलं माणूस बाहेरून दिसायचं नाही. बांधाला बांध लावून थोरल्या भावजींच्या वाटणीचं रान होतं; आमची घरंही वेगळी, पण शेजारीशेजारी. त्यांच्याकडं विहीर होती, मोट होती, सगळं होतं. फक्त माती नव्हती. रान चुनखडीचं, पांढरट. ऊस लावायचे तर कांडं बोटाएवढं व्हायचं. देवानं दात दिले तिथं चणे दिले नाहीत म्हणतात, तसं. भावजी बांधावर उभं राहून माझ्या ज्वारीकडं बघायचे ते मी बघितलेलं होतं. पण मी बोलायची नाही. थोरला दीर सासऱ्याच्या जागी. त्याच्यासमोर पदर नाकापर्यंत ओढायचा आणि काही सांगायचं झालंच तर जावेच्या तोंडानं सांगायचं, अशी रीत होती. लग्न होऊन चार वर्षं झाली तरी त्यांनी माझा आवाज ऐकलेला नव्हता.

दुसरी मोठी लढाई सुरू झाली आणि त्याच्या पुढच्या वर्षी आमचे हे साताऱ्याला जाऊन भरती झाले. त्यात नवल काही नव्हतं. आमच्याकडं घरटी एक माणूस पलटणीत असायचाच. मला तेव्हा पाचवा महिना होता. पहिलटकरीण म्हणून मी सांगलीकडं माहेरी गेले. मुलगी झाली, मग माझाच ताप रेंगाळला, आणि परत यायला दहा-अकरा महिने लागले. स्टेशनवर भावजींची गाडी आली होती. गाडीवान जुना, एरवी बडबड्या, पण त्या दिवशी सबंध वाट तो बैलांशीच बोलत होता. ओढा ओलांडला आणि मी गाडी थांबवायला लावली.

माझ्या रानाच्या जागी खड्डा होता. दोन पुरुष खोल, लालपिवळा, माळाचं पोट फाडल्यासारखा. आत वडारी माणसं पहारी चालवत होती आणि गाढवांच्या पाठीवर मुरूम लादून वर नेत होती. साताऱ्याकडं जाणारी सडक लष्कराच्या मोटारींसाठी रुंद करायचं निघालं होतं, त्यासाठी ठेकेदारानं तिथं खाण लावलेली. पण खड्ड्यापेक्षा माझी नजर गेली ती बांधापलीकडं. भावजींचं पांढरं रान काळं झालं होतं. मुरूम काढायचा तर वरची माती आधी बाजूला करावी लागते. ती बाजूला करून त्यांनी आपल्या रानात अंथरली होती, आणि तिच्यात लावलेला ऊस मनगटाएवढा झालेला होता. मी लेकीला गाडीवानाच्या हातात दिलं आणि तिथंच ओढ्याच्या काठावर बसले. रडले नाही. गाढवांच्या किती फेऱ्या होतात ते मोजत राहिले.

घरी आल्यावर मी जाऊबाईंना म्हटलं, विचारा त्यांना, कुणाच्या परवानगीनं? त्या आत जाऊन आल्या, पण उत्तर द्यायला भावजी स्वतःच अंगणात आले. सासऱ्यांच्या उशाशी बसलेले ते दोन म्हातारे तिथं ओट्यावर तंबाखू मळत होते. भावजी माझ्याकडं न बघता त्यांना ऐकवत म्हणाले, "सरकारी सडकंचं काम हाय, त्येला आमी काय करनार? आन माती कुठं पळून जातीय व्हय? माझ्याच रानात ठिवलीया. तिला म्हनावं, मागंल तवा न्यावी." म्हाताऱ्यांनी मान डोलावली. केसानं गळा कापावा तर असा, आणि वर दानशूर म्हणवून घ्यावं. खाणीचे पैसे किती आले ते मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. मला पैसे नको होते, मला माझी माती हवी होती. 'मागंल तवा न्यावी' हे शब्द मात्र मी पदराला गाठ मारून ठेवले.

यांची पत्रं भावजींच्या नावानं यायची. मला तेव्हा वाचता येत नव्हतं. भावजी अंगणात बसून मोठ्यानं वाचायचे आणि मी दाराआडून ऐकायची. सगळं खुशाल आहे, पोरीला जपा, गाईला जपा. रानाबद्दल एक अक्षर नसायचं. मला वाटायचं, त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत. तिकडं तोफेच्या तोंडाशी उभं असलेल्या माणसाला कशाला कळवायचं? ते येतील तेव्हा त्यांना रान दाखवायचं, खड्डा नाही, असं मी ठरवलं. आणि ते रान भावजींच्या छाताडावरून ओढून आणायचं, हेही तेव्हाच ठरवलं.

दोन वर्षांनी सडक झाली, वडारी लोकांची पालं उठली आणि खाण माझ्या गळ्यात पडली. एका बाजूनं ती ओढ्याकडं उघडी होती, तीन बाजूंनी भिंती. त्या हिवाळ्यापासून मी ओढ्यातला गाळ पाटीनं आत वाहायला सुरुवात केली. लोक म्हणाले, बाईला खूळ लागलं. चार महिने डोक्यावरची चुंबळ उतरली नाही. पावसाच्या तोंडाला वीतभर गाळ पसरून झाला, मी ज्वारी टाकली आणि ती उगवलीही. मग पाऊस लागला. खाणीचा तळ तोंडापेक्षा खोलगट, आणि तो म्हणजे वर्षानुवर्षं दबलेला मुरूम, त्यातून थेंब खाली जाईना. पंधरा दिवसांत तळं झालं. ज्वारी पिवळी पडली, कुजली, आणि तिच्यात बेडकं ओरडायला लागली. भावजी पारावर बसून म्हणाले, "धाकटीनं औंदा भात लावलाय वाटतं." सगळा पार हसला. ते मला जाऊबाईंनीच येऊन सांगितलं, आणि सांगताना त्यांनाही हसू आवरलं नाही. चिखल उपसताना मी मनातल्या मनात त्या घराला आग लावली, एकदा नाही, रोज. खोटं कशाला सांगू?

मला शहाणं केलं ते एका वडारी म्हातारीनं. तिची माणसं याच खाणीवर होती. आता ती रहिमतपूरच्या बाजारात पाटे-वरवंटे घेऊन बसायची. तिनं मला ओळखलं. आपल्या हातांनी दुसऱ्याचं रान फोडलं याची तिला टोचणी होती की काय, माझी सगळी कर्मकथा तिनं ऐकून घेतली आणि म्हणाली, "रांजनाला भोक न्हाई, मग पानी जाईल कुठं? आदी तळ फोड. चर मार, त्येच्यात धोंडं भर. आन तोंडाला ताल घाल. चुन्याची नगं, सुक्या दगडाची. पानी जाऊंदे, माती ऱ्हाऊंदे." ताल म्हणजे उतारावर माती अडवायला घातलेला दगडांचा बांध. आमच्याकडं ओघळीत ताली घालून माती धरायची जुनी पद्धत आहे. पण खाणीला ताल घालायची हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. म्हातारी दोन लेकांना घेऊन आठ दिवस येऊन राहिली. दगड आत झुकता कसा बसवायचा, मोठ्याच्या पोटात लहान कसा दाबायचा, हे तिनं मला हाताला धरून शिकवलं. बदल्यात तिनं माझी एक कालवड मागितली. मी दोन द्यायला तयार होते.

तळ मात्र मी फोडला. उजाडायच्या सुमारास पोरीला घेऊन जायचं, करंजाच्या झाडाला झोळी बांधायची आणि ऊन डोक्यावर येईपर्यंत पहार चालवायची. मुरमाला पहार लागते तेव्हा हात खांद्यापर्यंत झिणझिणतो. म्हातारी म्हणायची, घाव घालताना एका जागी नजर ठेव. मला जागा शोधावी लागली नाही. मी तिथं भावजींचं तोंड बघायची. मिशी, कानातली भिकबाळी, पारावरचं ते हसणं. तळहाताची साल निघाली, परत आली, परत निघाली. सबंध उन्हाळ्यात मी आडवे-उभे मिळून अकरा चर मारले. पुढच्या पावसात पाणी खाणीत शिरलं, चरांतून सरलं आणि तालीच्या दगडांमधून पाझरून गपचूप ओढ्याला गेलं. मी भिजत तिथं उभी होते. खाण कोरडी राहिली. आता फक्त माती हवी होती.

माती मागायची वेळ मी फार जपून निवडली. नुसती मागितली असती तर 'बघू, नेऊ, घाई काय' म्हणून त्यांनी तोंडाला पानं पुसली असती. म्हणून मी इर्जिक घालायचं ठरवलं. इर्जिक म्हणजे सगळ्या गावाला औतं-बैलं घेऊन एका रानात कामाला बोलवायचं आणि बदल्यात पोटभर जेवण घालायचं. एरवी ती नांगरटीची असते. माती वाहायची इर्जिक कुणी ऐकली नव्हती, आणि बाईनं घातलेली तर त्याहून नाही. पण आमच्या गावात इर्जिकीचं आवतण माणसाला नसतं, बैलांना असतं. बैलाच्या कपाळाला कुंकू लावलं की त्या घरानं नाही म्हणायचं नसतं. म्हटलं तर पुढं त्याच्या रानात कुणाची बैलं येत नाहीत.

एक बोकड मी वर्षभर आधीपासून पोसत होते. त्याला पाला घालताना मला पंगत दिसायची, आणि पंगतीत बसलेले भावजी दिसायचे. पौषात त्यांचा ऊस तुटला. माघात खोडवा फुटला, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यांना नवे कोंब आले. मी थांबले. त्यांनी खोडव्याला शेणखत घातलं, चांगलं वीस-पंचवीस गाड्या. तरी थांबले. पहिलं पाणी दिलं. कोंब हिरवेगार होऊन वीतभर झाले. मग मी कुंकवाची वाटी घेऊन घरोघर गोठ्यांत गेले, आणि शेवटी भावजींच्या गोठ्यात जाऊन त्यांच्या चारही बैलांच्या कपाळांना मळवट भरला. जाऊबाईंनी बैलांना ओवाळलंसुद्धा. त्यांना वाटलं, ओढ्यातला गाळ वाहायचा आहे. साऱ्या गावाला तसंच वाटलं.

त्या दिवशी सकाळी खाणीच्या तोंडाशी तीसेक गाड्या उभ्या होत्या. भावजी स्वतः दोन गाड्या घेऊन आले. पटका नवा, कपाळाला गंध. भावजयीच्या मदतीला आलेला थोर मनाचा दीर लोकांनी बघावा म्हणून ते पुढंच उभे होते. कुणीतरी विचारलं, "माती कुठली वढायची, वैनी?" मी डोक्यावरचा पदर मागं सारला, पहिल्यांदाच. भावजींच्या समोर जाऊन उभी राहिले.

"भावजी, तुमी म्हनला हुता, मागंल तवा न्यावी. मी आज मागतीया."

माझा आवाज त्यांना परका होता. क्षणभर बाई कोण बोलतेय हेच त्यांना कळलं नसावं. मग ते हसले आणि लोकांकडं बघून म्हणाले, "आता कुठली माती? ती मिसळून गेली की रानात."

"मिसळली आसंल तर ऱ्हाऊंद्या. खनून बघूया."

सासऱ्यांच्या उशाशी बसलेल्या दोघांतला एक म्हातारा अजून होता. त्यानं कुणाच्यातरी हातातली कुदळ घेतली, बांध ओलांडला आणि उसाच्या दोन सऱ्यांमध्ये खणलं. हातभर काळी निघाली. त्याच्याखाली एकदम पांढरी लागली, पाट्यावर चटणी पसरावी तशी काळीची कड सरळ दिसत होती. म्हाताऱ्यानं काळी चिमूटभर घेऊन बोटांत चोळली आणि म्हणाला, "गड्या, ही तर तुझ्या बाची माती. ह्या पोरीला दिल्याली."

भावजींचा चेहरा उतरला. त्यांनी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, माझ्याकडं बघितलं आणि मिटलं. मग एवढंच म्हणाले, "त्येच्यात खोडवा हाय गं."

"माझ्या रानात ज्वारी हुती."

बस्स, एवढंच. गाड्या वळल्या. कुंकू लावलेल्या बैलांना परत नेता येत नव्हतं, त्यामुळं त्यांचेच चार बैल त्यांच्याच रानातून माझी माती ओढत राहिले. दोन दिवस काम चाललं. पांढरी लागली की थांबायचं, असं मी सगळ्यांना बजावलं होतं. त्यांची मूठभरही मला नको होती. उसाचे कोंब उपटून बांधावर ढीग घातले गेले. त्यांनी घातलेलं शेणखत मातीबरोबर आलं, म्हणजे माझी माती खतावून माघारी आली. जाऊबाई ओसरीत बसून रडत होत्या. पंगतीला भावजी बसले, कारण इर्जिकीला आलेल्यानं जेवल्याशिवाय जायचं नसतं. मी त्यांना स्वतः वाढलं. दोनदा आग्रह केला. रश्शाची वाटी रिकामी होऊ दिली नाही. त्यांना घास गिळवत नव्हता हे मला दिसत होतं, आणि इतकं चवदार मटण मी पुन्हा कधी खाल्लं नाही.

त्या पावसाळ्यात मी ताग केला आणि फुलावर आल्यावर खत म्हणून तिथंच गाडला. नंतर लेंडीखतासाठी धनगराची मेंढरं पंधरा दिवस बसवली. त्याच आश्विनात शाळू घेतला, म्हणजे रब्बीची ज्वारी. लढाई संपली होती. हे घरी आले ते पौषात. शाळू निसवून, कणसं बाहेर पडून दाणे भरत होता. कणीस टाचा उंच केल्याशिवाय हाताला लागत नव्हतं. माझ्या आयुष्यात मी इतकी खूष कधीच नव्हते. सकाळी त्यांना घेऊन रानात गेले, तळ दाखवला, चर कुठून कुठं गेलेत ते दाखवलं, ताल दाखवली. भावजींनी काय केलं आणि मी काय केलं, सगळं सांगितलं. पायात पलटणीतले बूट होते, त्यांनी तालीचा एक दगड उगीच पायानं हलवून बघितला. तो हलला नाही. मग ते तालीवर बसले.

"दादाचा दोष न्हाई," ते म्हणाले. "रान मीच द्यायला लिव्हलं हुतं."

मला वाटलं, भावाला पाठीशी घालताहेत. ते मान खाली घालून सांगत राहिले. भरती झाल्यावर थोड्याच दिवसांत रांगेत उभं करून साहेबानं सांगितलं, तुमच्या मुलखात सडका करायच्या आहेत, मुरूम लागणार, गावाकडचे लोक आडवे येतात. सरकारच्या कामाला कोण रान देतो? यांनी हात वर केला. साऱ्या पलटणीत यांचा एकट्याचा हात.

"साहेबानं सगळ्यांदेखत पाठीवर हात ठिवला," ते म्हणाले. इतक्या वर्षांनीही ते सांगताना त्यांचा चेहरा किंचित उजळला, आणि ते मी बघितलं. "दादाला लिव्हलं, ओढ्याकडचा तुकडा द्या. आन तिला सांगू नगा. तुला कळलं आसतं तर तू आडवी पडली आसतीस."

"व्हय. पडले आसते."

पाठीवरच्या एका थापेसाठी. पोटात पोर होती, सासऱ्यांची चिता थंड होऊन दोन वर्षं झाली नव्हती, आणि यांनी माझं रान साहेबाला दाखवायला हात वर केला. अकरा चर मारताना प्रत्येक घावाला मी दुसऱ्याच माणसाचं तोंड बघितलं होतं.

मी तडक भावजींकडं गेले. ते विहिरीवर मोटेचा नाडा बघत होते. मी विचारलं, "सगळ्या गावाम्होरं तुमी का बोलला न्हाई?"

त्यांनी नाड्याचा सुटलेला पीळ आवळला. मग म्हणाले, "धाकट्यानं सांगू नगा म्हनून लिव्हलं हुतं. गावाम्होरं त्येची अब्रू काढू व्हय? आन माती मी नेलीच की. ती काय त्येनं न्या म्हनलं न्हवतं. घरात फडताळात धाकट्याचं पत्र हाय, पायजे तर वाचून घे."

वाचून घे म्हणाले, आणि मला वाचता येत नव्हतं. दाराआडून ऐकत बसलेली मी, ज्यांनी वाचावं त्यांनी हवं ते गाळून वाचलेलं ऐकत होते. पुढच्या उन्हाळ्यात मी मास्तरांच्या बायकोकडं बसून अक्षरं शिकले. पहिलं सबंध वाचलेलं कागदपत्र म्हणजे ते पत्र. शेवटची ओळ होती, 'ती रागावेल पण नंतर निवळेल.'

भावजींची मी माफी मागितली नाही. माती त्यांनी चोरली होती, ती मी परत आणली, त्यात माफी कसली? पण ज्या चोरीची शिक्षा मी त्यांना दिली तिच्या दुप्पट त्यांनी दुसऱ्याच्या वाटची सोसली होती, हेही खरं. यांना मी एवढंच म्हटलं की चला, त्याच म्हाताऱ्यासमोर, त्याच लोकांसमोर जे मला सांगितलंत ते सांगा. ते म्हणाले, "झालं गेलं, आता कशाला उकरायचं?" मी पुन्हा म्हटलं नाही.

आश्विनात पेरणी आली. रानाला वापसा झाला, म्हणजे ओल पेरणीजोगी झाली. हे पहाटेच उठले, बैलं जुंपली, बी पेरायची पाभर खांद्यावर टाकून रानात नेली. सैन्यातून आल्यापासून त्यांची ही पहिलीच पेरणी होती आणि ते हौसेनं धोतर खोचून तयार होते. मी भावजींच्या अंगणात गेले. पदर सारखा केला, पण नाकापर्यंत ओढला नाही.

"भावजी, आज वापसा हाय. पाभर तुमी धरा."

त्यांनी माझ्याकडं बघितलं, पागोटं गुंडाळलं आणि माझ्यामागून आले. रानात हे पाभरीच्या रुमण्यावर, तिच्या मुठीवर, हात ठेवून उभे होते. भाऊ कशाला आलाय ते त्यांना आधी कळेना. मी बियाण्याची ओटी बांधली आणि म्हटलं, "तुमी बसा तालीवर."

"आगं, मग पेरायचं कुनी?"

"भावजी पेरतील. हे रान तुमी एकदा दिलंय. दिल्यालं रान पेरत न्हाईत."

त्यांचा हात रुमण्यावरून सुटला. भावजींनी एकदा भावाकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि रुमणं धरून बैलांना हाक दिली. मी पाभरीमागून चालत मुठीनं दाणे सोडत गेले. हे तालीवर बसून राहिले, दुपारपर्यंत, मग तिसऱ्या प्रहरापर्यंत. भाकरी मी त्यांना तिथंच नेऊन दिली आणि ती त्यांनी खाल्ली. भावजी जिवंत होते तोवर त्या रानातली पाभर दर वर्षी त्यांनीच धरली. ते गेल्यावर मी गडी लावला. हे दर पेरणीला एकदा विचारायचे, आणि मी दर पेरणीला नाही म्हणायची.